पुलाखालचं कॉलेज

“खिडकी बंद ठेवू की थोडी उघडी?” सीट मागे सरकवत ऑरविलने विचारलं.

“बंद. आणि आधीच सांगून ठेवते, मला लहान मुलासारखं चुचकारायचं नाही,” शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या. साठीच्या असाव्यात. अंगात काळा कोट, आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेली. “येताना तुमचा एक माणूस होता, तो सारखा माझ्या कुत्र्याचं नाव विचारत होता. मी कुत्रा पाळलेला नाही.”

“मग मांजर?”

“गाडी सुरू करा.”

ऑरविल बेलांजरने मुकाट्याने गाडी सुरू केली. पुलाची भीती वाटणाऱ्या माणसांना त्यांच्याच गाडीतून पलीकडे नेऊन सोडायचं, हे त्याचं काम. दोन सरोवरं जिथे एकमेकांना मिळतात तिथला हा पूल इतका लांब आणि इतका उंच आहे, की भलेभले त्याच्या तोंडाशी येऊन हातपाय गाळतात. अशांनी टोलनाक्यावर सांगायचं, गाडी कडेला लावायची. आतून कुणीतरी येतं, किल्ली मागतं आणि गाडी पलीकडे नेतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं ऑरविल प्रत्येकाला सांगत आला होता.

या कामात त्याची एकतीस वर्षं गेली होती. अर्धा देश ट्रक हाकून आलेला दांडगा गडी मागच्या सीटवर डोक्यावरून ब्लँकेट ओढून पडलेला त्याने पाहिला होता. लग्नाच्या कपड्यांतलं एक जोडपं अख्खा पूल देवाची गाणी म्हणत पार झालं होतं, तीही बेसूर. एका गृहस्थाने तर ‘मला डिकीत घाला’ म्हणून हट्ट धरला होता. या सगळ्यांवर ऑरविलकडे एकच उतारा होता. पुलावर चढलं की विचारायचं, “काल रात्री काय शिजवलं होतं?” माणूस कांदा चिरण्यापासून सुरुवात करतो, आणि रस्सा उकळेपर्यंत पलीकडचा किनारा येतो. भीतीशी हुज्जत घालत बसायचं नाही, तिला बोलण्यात गुंगवून मागच्या दाराने बाहेर काढायचं, एवढंच त्याचं शास्त्र. घरीही तो तेच वापरायचा. घरी ते चालत नाही, हे मात्र त्याला अजून कळायचं होतं.

“काल रात्री काय शिजवलं होतं?” पुलाचा चढ लागताच त्याने सवयीने विचारलं.

“मैत्रिणीच्या मयताला आले होते. शेजाऱ्यांनी आणलेलं गार हॅम खाल्लं, उभ्याउभ्या. झालं समाधान?”

 कडेची लेन रंगकामासाठी बंद होती, त्यामुळे ऑरविलला मधल्या लेनमधून गाडी घ्यावी लागली. तिथे डांबर नाही, नुसती लोखंडी जाळी. टायरखाली ती घुमायला लागली. एप्रिल संपत आला होता, तरी खाली पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि जाळीतून ते दिसत होते.

“हा आवाज कसला?”

“जाळीचा. टायर गातात.”

“गाऊ देत. मी खाली बघणार नाही.” बाईंनी डोळे मिटले. “हे बघा, मी डॉक्टर आहे. सुई टोचायच्या आधी मीसुद्धा पेशंटला नातवंडांची नावं विचारते. त्यामुळे तुमची युक्ती मला लागू पडणार नाही. काहीतरी खरं विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला हवंच आहे असं.”

“डॉक्टर म्हणजे कुठे?”

“डेट्रॉइटला. नदीजवळच्या जुन्या हॉस्पिटलात. तिथल्याच मेडिकल कॉलेजात शिकवते.”

ऑरविलचा पाय क्षणभर ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. पुलाच्या मध्यावर असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

“थांबलो का आपण?” बाई ओरडल्या.

“नाही, नाही, चाललोय. डॉक्टर, माझ्या मुलीला तुमच्या त्या कॉलेजात जागा मिळालीय. आमच्या बाजूला, पश्चिमेकडे एक लहान कॉलेज आहे, तिथेही मिळालीय. उद्या संध्याकाळपर्यंत एक धरायचं, एक सोडायचं. तिला कुठलं धरू देऊ?”

“तुम्ही धरू देणारे कोण? किती वर्षांची आहे?”

“एकोणतीस.”

“अहो, मग तिचं तिला धरू द्या की!” पण बाईंचे डोळे उघडले होते. “करते काय सध्या?”

“गावातल्या अँब्युलन्सवर असते.”

“म्हणजे रक्ताला भिणारी नाही. बरं, ऐका. आमचं कॉलेज गोडगोड नाही. पहिली दोन वर्षं पोरांना ऊन दिसत नाही. वर्गात सगळी तिच्याहून लहान, आणि एकूण एक स्वतःला शहाणं समजणारी. शिकवणारे चारचौघांत पाणउतारा करतात.”

“तुम्हीपण?”

“मी सगळ्यांत जास्त. रडायला जागा नाही म्हणून पोरं जिन्यात रडतात. तिसऱ्या मजल्याचा जिना त्यासाठीच बांधलाय असं समजून चालतात.”

“आणि चांगलं काय?”

“चांगलं हे, की आमच्या दारात आलेल्याला आम्ही परत पाठवत नाही. त्यामुळे जे जे माणसाला होऊ शकतं ते सगळं बघायला मिळतं. तुमच्या त्या लहान कॉलेजातली दोन पोरं माझ्याकडे पुढचं शिकायला आली होती. छान तयार झालेली, नाव ठेवायला जागा नाही. पण तिथे जे महिन्यातून एकदा दिसतं ते आमच्याकडे दुपारच्या जेवणाआधी तीनदा येतं. डोळ्याला सवय होते हो. मेंदूत गुठळी झालेला माणूस आमची पोरं नुसत्या चमचा धरण्यावरून ओळखतात.”

ऑरविलने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याच्या बायकोच्या, मार्गरीटच्या हातून दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तीनदा चमचा पडला होता. ‘आज पाहुणे येणार वाटतं’ म्हणून तो हसला होता. गावच्या दवाखान्यात गेल्यावरही कुणाला लवकर उमगलं नाही. पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात उमगलं, पण तोवर उशीर झाला होता.

“परत येतात का?” त्याने विचारलं. “लहान गावातून तुमच्याकडे आलेली पोरं. शिकून झाल्यावर गावी परत जातात?”

 जाळी घुमत होती.

“फार थोडी,” त्या म्हणाल्या. “उगाच खोटं कशाला सांगू? शहर धरून ठेवतं. नोकरी मिळते, लग्न होतं, राहून जातात. जी परत गेली त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. त्यांच्या घरचं कुणीतरी सतत येत-जात असायचं. एकाची आई यायची, बिटाच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन. सगळ्या वर्गाला वाटायची. वास सहन व्हायचा नाही. पण तो मुलगा गेला बरं का परत, त्याच्या खेड्यात. ज्यांच्याकडे कुणीच येत नाही ती हळूहळू आमचीच होऊन जातात.” मग त्याच्याकडे बघून त्या पहिल्यांदा हसल्या. “तुम्हाला काय, पूल तुमच्या अंगणातला. तुम्ही याल सारखे.”

“हो तर,” ऑरविल म्हणाला.

उतार संपला होता. बाईंनी मागे वळून बघितलं आणि त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. “अगं बाई, आलो की!” गाडीतून उतरून त्यांनी ऑरविलचा हात हातात घेतला. “मुलीला सांगा, डॉक्टर टॉलिव्हर वर्गात चावते. पण विषारी नाही.”

त्या भरधाव निघून गेल्या. ऑरविल रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ‘हो तर’ हे त्याने खोटं सांगितलं होतं.

गेली दोन वर्षं तो स्वतःच्या ट्रकमधून एकटा पुलावर गेला नव्हता. मार्गरीट गेली त्या दिवशी तो पलीकडच्या हॉस्पिटलातून भरदुपारी घरी यायला निघाला. शेजारच्या सीटवर तिचा तपकिरी कोट होता. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्याचे हात एकाएकी आपले राहिले नाहीत. पूल हलतोय, ट्रक कठड्याकडे ओढला जातोय, असं वाटायला लागलं. तो कसाबसा घरी पोहोचला, पण त्यानंतर एकट्याने पुलावर चढायची वेळ आली की त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटायचा. दुसऱ्याच्या गाडीत मात्र काही व्हायचं नाही. शेजारी घाबरलेलं माणूस असलं की भीतीला आधीच मालक मिळालेला असायचा, ऑरविलच्या वाट्याला ती उरायची नाही. परतीला नाक्याची गाडी त्याला घ्यायला यायचीच. त्यामुळे पुलावर रोज येणाऱ्याजाणाऱ्या या माणसाला पुलाची धास्ती आहे, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने ते कुणाला कळूही दिलं नव्हतं.

आजही वॉन्डा त्याला घ्यायला आली. वॉन्डा त्याची सहकारी, त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि तिच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही.

“काय रे बेलांजर, त्या बाईने चापट मारली की काय? तोंड का असं झालंय?”

“भूक लागलीय.”

“तुला आणि भूक? डोनट दिला तर निम्मा परत करतोस. पोरीचं काय ठरलं, कोलेटचं?”

“उद्यापर्यंत वेळ आहे.”

“म्हणजे तू तिला अजून विचारलंच नाहीस,” वॉन्डा म्हणाली आणि गाडी पुलावर घातली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कोलेट मासे तळत होती. अँब्युलन्सचा निळा शर्ट तिने अजून बदलला नव्हता. ताज्या व्हाइटफिशचे तुकडे मैद्यात घोळवून ती कढईत सोडत होती. मार्गरीटची पद्धत तीच, फक्त मार्गरीट मैद्यात चिमूटभर मोहरीची पूड घालायची आणि कोलेट ते दर वेळी विसरायची.

जेवण झाल्यावर दोघं पत्ते घेऊन बसली. या भागात कुठल्याही घरात जेवणानंतर युकर खेळला जातो. खरं तर चौघांचा खेळ, पण मार्गरीट गेल्यापासून बापलेकींनी तो दोघांत बसवून घेतला होता.

“मासा छान झाला होता,” ऑरविल म्हणाला.

“पापा.”

“मीठ किंचित कमी होतं. पण छान.”

कोलेटने पत्ते खाली ठेवले. “तू मला ब्लँकेटखाली घालतोयस. महिना झाला, मी कॉलेजचा विषय काढते आणि तू माशाचा काढतोस. मी काय तुझी गिऱ्हाईक आहे, पुलावर बसलेली? जायचं की नाही यावर तुझं काहीच म्हणणं नाही?”

ऑरविलला धक्का बसला. तो विषय टाळत होता तो तिला धीर यावा म्हणून, असंच त्याला इतके दिवस वाटत होतं. पोरगी समोर दोन कॉलेजं एकटीच तोलत बसली होती, आणि आपण तिला मिठाबद्दल सांगत होतो!

मग त्याने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. डॉक्टर टॉलिव्हर, ऊन न दिसणारी दोन वर्षं, रडायचा जिना, दुपारच्या जेवणाआधी तीनदा येणारे पेशंट, चमचा. चमच्याचं सांगताना त्याचा आवाज चिरकला. कोलेट खाली बघत राहिली.

“त्या म्हणाल्या, परत फार थोडी येतात.” हे शेवटचं वाक्य त्याला सर्वांत जड गेलं, पण त्याने ते गिळलं नाही.

“मी येईन,” कोलेट म्हणाली. “मला शिकायचंय तेच इथे परत यायला. आईच्या वेळी या गावात ओळखणारं कुणीतरी हवं होतं. ते मला व्हायचंय. त्यासाठी डेट्रॉइटलाच जावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू.” मग तिने खाली ठेवलेले पत्ते उचलले आणि एकेक टेबलावर टाकायला सुरुवात केली. “पण मी पश्चिमेकडचं धरणार आहे. लहान वर्ग आहे. शिकवणारे नावाने ओळखतात. सुट्टीला अँब्युलन्सवर काम करता येईल. बर्फ पडला की तुझं अंगण साफ करून द्यायला येता येईल.” शेवटी तिने हुकमाचा गुलाम टाकला. त्यांच्या खेळात त्याच्या वर पत्ता नाही. “आणि मध्ये पूल नाही.”

“पुलाचं काय घेऊन बसलीस? पूल माझ्या अंगणातला आहे.” डॉक्टरबाईंचंच वाक्य त्याने उसनं घेतलं.

“पापा, तुझा चष्मा.”

ऑरविलचा हात नकळत चष्म्याकडे गेला. एक काडी मोडून दोन वर्षं झाली होती. तिला त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

“चष्म्याचा डॉक्टर पुलाखाली आहे,” कोलेट म्हणाली. पुलाच्या दक्षिणेचं जे काही असेल त्याला इथली माणसं ‘पुलाखाली’च म्हणतात. “तू दोनदा त्याची वेळ घेतलीस आणि दोनदा रद्द केलीस. मावशीच्या वाढदिवसाला तुझी पाठ धरली. तिच्या ॲनीच्या लग्नाला ट्रक बिघडला, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला. मी रोज माणसांच्या नाड्या बघते. मला कळणार नाही?”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“आईच्या कोटासकट तू घरी आलास ना, तेव्हापासून. तुझे हात मी बघितले होते.”

ऑरविल उठला. त्याला राग आला होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. मागच्या अंगणात धुरी देऊन मासे टिकवायची खोली होती, तिथे जाऊन तो उगाच लाकडं इकडची तिकडे करत राहिला. आपल्या भीतीचं ओझं पोरगी मुकाट्याने उचलते आहे आणि वर त्याला ‘अंगण साफ करायला येईन’ असं गोंडस नाव देते आहे, हे त्याच्या जिव्हारी लागलं. मार्गरीट असती तर तिने दोघांच्याही कानाखाली एकेक दिली असती.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. कोलेट कामावर गेली. ती संध्याकाळी कॉलेजांना कळवणार होती. ऑरविलने दाढी केली, बरा शर्ट घातला आणि ट्रक काढून थेट नाक्यावर गेला. आज एकट्याने पूल ओलांडायचा, पलीकडे जाऊन तिला फोन करायचा, विषय संपला. एवढा साधा बेत होता.

नाक्यावरच्या मुलीने त्याला बघून हात केला. त्यानेही केला. समोर पुलाचा चढ सुरू होत होता. आणि तिथे त्याचं उसनं अवसान सरलं. बोटं स्टिअरिंगवर आवळली गेली ती सुटेनात. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्या गाडीने. ऑरविलने जिवाच्या आकांताने चाक वळवलं आणि ट्रक कडेच्या मोकळ्या जागेत नेऊन उभा केला. ती जागा घाबरलेल्या माणसांची होती. इतकी वर्षं त्या जागेकडे तो नाक्याच्या दारातून चालत जात आला होता, गाडीत बसून ती त्याने पहिल्यांदाच बघितली. ‘झालं,’ तो मनात म्हणाला. ‘पोरगी बरोबर बोलली.’

तो किती वेळ बसला होता कोण जाणे. काचेवर टकटक झाली. हातात कॉफीचा पेला घेऊन वॉन्डा उभी होती.

“काय रे, ट्रक बिघडला?”

परत फिरावं, ‘हो, बिघडला’ म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ॲनीच्या लग्नाला ते चाललं होतं, आजही चाललं असतं.

“ट्रक ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “मला पलीकडे जायचंय, वॉन्डा.”

वॉन्डाने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं. मयतातसुद्धा थट्टा करणारी ती बाई, पण आज एक अक्षर बोलली नाही. पेला तिने कठड्यावर ठेवला, दार उघडलं.

“सरक.”

तो शेजारच्या सीटवर सरकला. तिथे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की स्वतःच्या ट्रकमध्ये आपण या बाजूला कधी बसलोच नव्हतो. ही जागा मार्गरीटची होती.

वॉन्डाने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. “खिडकी बंद ठेवू की थोडी उघडी?”

“बंद.”

पूल चढायला लागला. रंगकाम अजून संपलं नव्हतं, मधलीच लेन होती. जाळी घुमायला लागली तसे ऑरविलने डोळे मिटले.

“काल रात्री काय शिजवलं होतं?” वॉन्डाने विचारलं.

त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. “मी नाही. कोलेटने केलं. व्हाइटफिश.”

“कसा?”

“मैद्यात घोळवून. मीठ, मिरपूड. मार्गरीट मोहरीची पूड घालायची.”

“मग?”

“मग... तिला दवाखान्यातला मासा आवडला नाही. शेवटच्या दिवशी. म्हणाली, घरी गेल्यावर तू कर, तुला येत नाही तरी कर.” रस्सा उकळेपर्यंत किनारा येतो, हे त्याचं शास्त्र. पण त्याची गोष्ट रस्त्यात भलतीकडेच वळली आणि त्याने ती वळू दिली. कोट सीटवर कसा ठेवला होता, त्याची बाही धक्क्याने कशी घसरली, ती सरळ करायला आपण एक हात सोडला आणि मग पूल कसा हलला, हे सगळं तो बोलत गेला. दोन वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मध्ये त्याला रडू आलं, तेही त्याने थांबवलं नाही. वॉन्डा नुसतं “मग?” म्हणत होती, एखाद्याने पाककृती सांगावी आणि आपण पुढची पायरी विचारावी तसं.

“मग काय, घरी आलो,” ऑरविल म्हणाला आणि त्याने डोळे उघडले. ते मध्यावर होते. दोन्ही बाजूंना पाणी होतं, वर बर्फाचे तुकडे तरंगत होते. भीती होतीच, पण तिच्यासकट बघता येत होतं.

चष्म्याच्या दुकानासमोर उभं राहून त्याने कोलेटला फोन लावला.

“बोल पापा, पटकन. कॉल येईल इतक्यात.”

“तुझं उत्तर पाठवलंस?”

“नाही अजून. तू कुठून बोलतोयस? इतकी वाहनं कसली?”

“पुलाखालून. चष्म्याच्या दुकानासमोर आहे.”



“कुणी आणलं?” तिने हळूच विचारलं.

“वॉन्डाने. शेजारी उभी आहे, डोनट खातेय.” त्याने घसा साफ केला. “पोरी, मला एकट्याने नाही जमलं. पुढे जमेल असंही सांगत नाही. पण मला येता येतं. आणून सोडणारी माणसं आहेत. तेव्हा तो तुझा हुकमाचा गुलाम परत घे. बाकीचे पत्ते तुझे, तुला हवे तसे खेळ.”

बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग कोलेट म्हणाली, “काळी फ्रेम घेऊ नकोस. म्हातारा दिसशील.”

“बरं.”

“आणि पापा, त्या डॉक्टरबाईंचं नाव काय म्हणालास?”

“टॉलिव्हर. चावतात म्हणे.”

“बघू, कोण कुणाला चावतं ते,” कोलेट म्हणाली, आणि फोन ठेवला. ऑरविलने वॉन्डाच्या हातातला डोनट घेतला आणि अख्खा खाल्ला.

ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी नाक्याच्या कडेच्या जागेत दोन वाहनं उभी होती. पुढच्या लाल गाडीत ओहायोची एक बाई होती, तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला. मागे ऑरविलचा ट्रक. तो शेजारच्या सीटवर बसला होता, डोळ्यांवर तपकिरी फ्रेमचा चष्मा, मांडीवर धुरी दिलेल्या माशांचा डबा. डबा मोठा होता, कारण कोलेटचा सगळा वर्ग त्यावर तुटून पडायचा, आणि एक पुडी डॉक्टर टॉलिव्हरसाठी वेगळी लागायची. कोलेटने कळवलं होतं, की तिसऱ्या मजल्याचा जिना खरंच आहे, तिने तो दोनदा वापरला, आणि आता ती तिथे दुसऱ्यांना रुमाल देते. सोमवार ते शुक्रवार ऑरविल लोकांना पलीकडे नेत होता, आणि महिन्यातल्या एका रविवारी लोक त्याला नेत होते.

ओहायोच्या बाईने काच खाली केली आणि मागे वळून बघितलं. शेजारच्या सीटवर हा पांढऱ्या केसांचा माणूस बसलेला बघून तिला जरा धीर आला.

“तुम्हीपण?” ती म्हणाली. “पहिलीच वेळ का हो?”

“नाही,” ऑरविल म्हणाला. “एकतीस वर्षं झाली.”

नाक्यातून वॉन्डा आणि आणखी एकजण बाहेर येत होते. ऑरविलने मांडीवरचा डबा सांभाळत ट्रकची किल्ली काढली आणि हातात तयार ठेवली.

“काल काय शिजवलं होतं ते विचारतील,” त्याने त्या बाईला सांगितलं. “अगदी सुरुवातीपासून सांगा. घाई करू नका.”